रिमोटचा मॉन्स्टर ट्रक नागपुरात: काय बदलायचं आणि कोणत्या क्रमानं

रिमोटचा मॉन्स्टर ट्रक हाती आला की आठवडाभरात मोठ्या मोटरचे वेध लागतात. नागपुरात हा छंद सुरू करणाऱ्याला माझा सल्ला उलटा आहे: मोटर शेवटी. आपल्याकडे मार्चपासून पारा चढतो, नवतप्यात तो ४५ च्या आसपास असतो. मैदानं मुरमाची, आणि शहराबाहेर पडलं की काळी माती. या हवेत गाडीला मारते ती उष्णता आणि धूळ. म्हणून गाडी आधी थंड ठेवायची, मग मजबूत करायची, मग जमिनीला धरून चालेल अशी करायची, आणि हे सगळं जमल्यावर वेग वाढवायचा. या क्रमानं गेलात तर पैसे कमी जातात आणि गाडी टेबलावर कमी, मैदानात जास्त दिसते.

आधी गाडी समजून घ्या

खऱ्या मॉन्स्टर ट्रकची सुरुवात अमेरिकेत सेंट लुइसजवळ बॉब चँडलर यांच्या ‘बिगफूट’ या फोर्ड एफ-२५० पिकअपपासून झाली. खेळातल्या गाड्यांनी हे रूप लवकरच उचललं. जपानच्या तामिया कंपनीचा ब्लॅकफूट १९८६ मध्ये आला आणि १९८७ मध्ये क्लॉड बस्टर. क्लॉड बस्टरला पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलवर एकेक मोटर असते आणि चारही चाकं वळतात. आजही काही ट्रक असेच, सलग अ‍ॅक्सलचे असतात: दिसायला खऱ्यासारखे, दगडांवर मजेदार, पण वेगात डुगडुगणारे. दुसरा प्रकार स्वतंत्र सस्पेन्शनचा, म्हणजे प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर. ट्रॅक्ससचा स्टॅम्पीड आणि मॅक्स, आर्माचा ग्रॅनाइट, एमजेएक्सच्या हायपर गो मालिकेतले छोटे ट्रक, सगळे या प्रकारात. पुढचं सगळं मी याच प्रकारातल्या, बॅटरीवर चालणाऱ्या ट्रकबद्दल लिहितोय. नायट्रो इंजिनाची ट्यूनिंग हा पूर्ण वेगळा अभ्यास आहे, पहिल्या वर्षी त्यात शिरू नका.

अजून गाडी घेतली नसेल तर वेगाचा आकडा बघू नका. त्या मॉडेलचे सस्पेन्शन आर्म, स्पर गिअर, ड्राइव्हशाफ्ट आणि बॉडीच्या क्लिपा भारतात मिळतात का, ते बघा. शंभर रुपयांच्या तुकड्यासाठी परदेशी पार्सलची वाट बघत महिनाभर गाडी पडून राहिली, की छंदच सुटतो. १/१६ आकाराची गाडी गच्चीवर आणि गल्लीच्या टोकावरच्या प्लॉटवर खेळायला ठीक. मुरमाच्या मोकळ्या जागेत मात्र १/१० ची मोठी चाकंच कामाची.

हत्यारं

दीड, दोन आणि अडीच मिलिमीटरचे चांगल्या पोलादाचे अ‍ॅलन ड्रायव्हर घ्या. डब्यासोबत आलेल्या इंग्रजी एल आकाराच्या चाव्या कपाटात ठेवून द्या, त्या स्क्रूची डोकी गोल करतात. चाकांच्या नटासाठी बहुतेक छोट्या गाड्यांना ७ मिलिमीटर आणि मोठ्यांना १७ मिलिमीटरचा पाना लागतो. सोबत नाकाची पक्कड, सोल्डरिंग गन, निळा थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव) आणि तापमान मोजायची इन्फ्रारेड गन.

या गनबद्दल एक सांगायलाच हवं. कोरोनाकाळात घरोघरी आलेली कपाळावर धरायची गन इथे चालत नाही, कारण ती फक्त माणसाच्या शरीराच्या तापमानापुरती बनवलेली असते आणि त्यापुढे आकडा दाखवतच नाही. औद्योगिक वापराची, निदान २००–३०० अंशांपर्यंत मोजणारी गन घ्या. या यादीत एकच गोष्ट घ्यायची ऐपत असेल तर मी हीच घ्यायला सांगेन.

पहिली पायरी: काहीही न बदलता चालवा

दोन-तीन बॅटऱ्या गाडी आहे तशी चालवा. पण मैदानात नेण्याआधी सगळे स्क्रू तपासा. धातूत धातू जातो तिथला प्रत्येक स्क्रू काढून, पुसून, निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब लावून परत बसवा: मोटर धरणारे स्क्रू, पिनियनचा (मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरचा) बिनडोक्याचा छोटा ग्रब स्क्रू, ड्राइव्हशाफ्टच्या पिना. ग्रब स्क्रू मोटरच्या शाफ्टवर जिथे सपाट घासलेलं आहे, नेमका तिथेच बसला पाहिजे. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला थ्रेडलॉक लावू नका, काही प्लॅस्टिक त्यानं ठिसूळ होतं. तिथे स्क्रू हातानं, बोटांना विरोध जाणवेपर्यंतच आवळायचा.

सुरू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. रिसीव्हरला फेलसेफची सोय असेल तर सिग्नल तुटल्यावर थ्रॉटल शून्यावर जाईल असं लावून घ्या, आणि चाकं हवेत धरून रिमोट बंद करून खात्री करा. चार किलोचा ट्रक ताशी पन्नासच्या वेगानं कुणाच्या पायावर गेला तर हाड मोडतं.

दुसरी पायरी: बेअरिंग

स्वस्त गाड्यांत चाकांवर आणि गिअरबॉक्सात प्लॅस्टिकचे किंवा ब्राँझचे बूश असतात. आपल्या धुळीत ते महिन्याभरात ढिले होतात, चाक लटपटतं, गिअरची जुळणी बिघडते. ते काढून बॉल बेअरिंग टाकणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फायद्याचा बदल. मोटरवरचा भार कमी होतो, म्हणजे उष्णताही कमी.

१/१० गाड्यांत ५×११×४ आणि १०×१५×४ मिलिमीटर ही मापं वारंवार लागतात. बेअरिंगच्या दुकानात पहिल्याला एमआर ११५ आणि दुसऱ्याला ६७०० म्हणतात. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली, म्हणजे २आरएस लिहिलेली मागा. पत्र्याच्या झाकणाची बेअरिंग थोडी हलकी फिरतात, पण मुरमाची बारीक पूड आत घेतात. तुमच्या गाडीचं माप व्हर्नियरनं मोजूनच जा. इतवारीत दुकानदार भाऊ मापाशिवाय काही देणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

तिसरी पायरी: बॅटरी आणि चार्जर

गाडीसोबत बहुधा ७.२ व्होल्टची निकेल बॅटरी किंवा छोटी लिथियम येते. लायपोवर, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीवर जाणं हा पुढचा बदल. लायपोचा एक सेल नाममात्र ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२ चा. दोन सेलची, म्हणजे २एस बॅटरी ७.४ व्होल्ट, पूर्ण भरलेली ८.४. नवख्यानं पहिले काही महिने २एसवरच राहावं.

लायपो लावण्याआधी ईएससीत, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रात, लायपो मोड आणि कमी व्होल्टेजला बंद पडायची मर्यादा लावा. सेलमागे ३.२ ते ३.४ व्होल्ट ठीक. हे न लावता निकेलच्या मोडवर लायपो चालवली तर ती एका संध्याकाळीत कामातून जाऊ शकते.

चार्जर बॅलन्स करणारा, म्हणजे सगळे सेल सारखे भरणाराच हवा. ५००० एमएएचची बॅटरी ५ अ‍ॅम्पिअरवर भरा, म्हणजे १सी. फरशीवर ठेवून, आपण खोलीत असतानाच भरा. गादीवर, लाकडी कपाटात किंवा रात्री झोपताना अजिबात नाही. फुगलेली बॅटरी वापरू नका, कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

आणि उन्हाळ्याचं: लायपो ६० अंशांच्या वर जायला नको. मे महिन्यात उभ्या कारची डिकी किंवा स्कूटरच्या सीटखालची जागा म्हणजे भट्टी. बॅटरी थर्मासच्या पिशवीत, सावलीत न्या. भरलेली बॅटरी आठवडाभर तशीच ठेवायची नाही, सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवली तर दोन-दोन वर्षं साथ देते.

चौथी पायरी: गिअरिंग, आणि इथे घाई नको

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर म्हणजे पिनियन. तो ज्याला फिरवतो तो मोठा गिअर म्हणजे स्पर. स्परचे दाते भागिले पिनियनचे दाते, गुणिले गिअरबॉक्सचं आतलं प्रमाण, हे झालं अंतिम प्रमाण: मोटर किती वेळा फिरल्यावर चाक एकदा फिरतं. आतलं प्रमाण गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. समजा स्पर ५४ दात्यांचा, पिनियन १८ चा आणि आतलं प्रमाण ३.३. मग ५४ भागिले १८ म्हणजे ३, गुणिले ३.३, म्हणजे ९.९. पिनियन १५ चा केला तर ११.८८.

प्रमाण जितकं मोठं, तितका वरचा वेग कमी, उचल जास्त आणि मोटर थंड. नवखे वेगासाठी मोठा पिनियन लावतात. गाडी डांबरावर पळते, मैदानातल्या गवतात मोटर होरपळते. लांब गवत, ओली माती आणि रेती या तिन्ही ठिकाणी मोटरवर डांबरापेक्षा कितीतरी जास्त भार येतो.

आता नागपूरचं गणित करू. डिसेंबरच्या दुपारी हवा २८ अंशांची आहे आणि दहा मिनिटं चालवल्यावर मोटर ७० वर आली. म्हणजे ती हवेपेक्षा ४२ अंशांनी तापली. तीच गाडी, तेच गिअर, तेच मैदान, पण मेमधली ४३ अंशांची संध्याकाळ: मोटर ८५ च्या आसपास पोहोचेल. ब्रशलेस, म्हणजे कार्बनचे ब्रश नसलेल्या, मोटरमधली साध्या प्रतीची निओडिमियम चुंबकं ८० अंशांच्या पुढे आपली ताकद कायमची गमावू लागतात. चुंबक कमजोर झालं की तोच वेग मिळवायला मोटर जास्त प्रवाह ओढते, म्हणून आणखी तापते. म्हणूनच परदेशातल्या पुस्तिकेत छापलेला पिनियन इथे उन्हाळ्यात डोळे झाकून लावू नये. माझ्याकडे हिवाळ्याचा एक पिनियन असतो आणि उन्हाळ्याचा दोन दात्यांनी लहान.

पद्धत अशी. कंपनीनं दिलेल्या पिनियनपेक्षा एक-दोन दाते कमी असलेला पिनियन लावा. पाच मिनिटं चालवा, थांबा, लगेच गननं मोटरचं कवच मोजा. ६० च्या खाली असेल तर आणखी पाच मिनिटं. पूर्ण बॅटरी संपवून मोटर ७० च्या आत राहिली तर एक दाता वाढवून बघा. ७५ ओलांडलं तर एक दाता कमी. ८० दिसलं तर त्या दिवशी गाडी बंद, थंड होऊ द्या. एका वेळी एकच दाता, आणि प्रत्येक वेळी हवेचं तापमान, जमीन, पिनियन आणि मोटरचं तापमान वहीत लिहा. महिन्याभरानं ही वही कुठल्याही पुस्तिकेपेक्षा जास्त सांगते, कारण ती तुमच्या मैदानाची असते.

पिनियन घेताना दात्यांचं माप जुळलं पाहिजे. ३२ पिच आणि ०.८ मॉड्युल हे जवळपास सारखे, पण ४८ पिच आणि ०.६ मॉड्युल एकमेकांत चालत नाहीत, स्पर खाऊन टाकतात. शाफ्टचा व्यासही बघा: १/१० च्या नेहमीच्या मोटरला ३.१७ मिलिमीटर, मोठ्या ब्रशलेसला ५. पिनियन पोलादीच घ्या, पितळी लवकर झिजतो.

दोन गिअरमधलं अंतर लावायची सोपी युक्ती: वहीच्या कागदाची पट्टी दोन्हींच्या दात्यांत घालून मोटर दाबून धरा, स्क्रू आवळा, पट्टी फिरवून काढा. पट्टीवर घडी पडलेली दिसली पण ती फाटली नाही, तर जुळणी बरोबर. मग स्पर पूर्ण एक फेरा फिरवून प्रत्येक ठिकाणी किंचित ढिलाई आहे का ते बघा. अगदी घट्ट बसवलेले गिअर किरकिर करतात आणि तापतात.

मोटरवर पंखा बसवायचा असेल तर ३० किंवा ४० मिलिमीटरचा छोटा पंखा सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. रिसीव्हरच्या रिकाम्या जागेतून त्याला वीज मिळते, फक्त पंख्याचं व्होल्टेज जुळतंय ना ते बघा. बॉडीला मागच्या काचेच्या जागी मोठी खिडकी कापा. हवा आत येण्यापेक्षा बाहेर जायची वाट मोठी हवी.

टायर, आणि त्यांचा गिअरिंगशी संबंध

मोठे टायर लावले की गाडी रुबाबदार दिसते, आणि गिअरिंग आपोआप बदलतं. १४० मिलिमीटर व्यासाच्या टायरचा घेर सुमारे ४४ सेंटिमीटर. १६० चा लावला तर घेर ५० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ १४ टक्क्यांनी गिअर चढल्यासारखंच. १८ चा पिनियन १६ वर आणल्याशिवाय तो टायर लावू नका.

मुरमावर लहान, दाट गाठींचा टायर बरा. मोकळ्या धुळीत आणि नांगरलेल्या रानाच्या कडेला रुंद पट्ट्यांचा. पावसाळ्यातल्या काळ्या मातीसाठी कुठलाच टायर नाही: ती गाठींत भरते, चाक गुळगुळीत गोळा होतं, आणि वजन वाढून ड्राइव्हशाफ्ट पिळले जातात. काळी माती ओली असताना चालवूच नका.

टायर रिमवरून सुटत असेल तर रिमची कड स्पिरिटनं पुसून फेव्हिक्विकसारख्या गोंदाचे थेंब कडेनं सोडा, दाबून धरा, रात्रभर सुकू द्या. जास्त वेगात टायर फुग्यासारखे ताणून वर उठत असतील तर आतल्या बाजूनं जाळीच्या फायबर टेपचे दोन-तीन फेरे गुंडाळून चिकटवा. नवीन टायर घेताना हेक्सचं, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या षटकोनी तुकड्याचं माप विसरू नका, १२ मिलिमीटरच्या हेक्सवर १७ चं चाक अडॅप्टरशिवाय बसत नाही.

शॉक: तेल, स्प्रिंग आणि धीर

गाडी उड्या मारल्यावर टप्पे खात असेल, किंवा खडबडीत जागी मागून उडत असेल, तर शॉक बघायची वेळ आली. स्वस्त गाड्यांच्या शॉकमध्ये बरेचदा तेलच कमी असतं.

स्प्रिंग काढा, टोपी उघडा, जुनं तेल ओतून द्या, कापडानं पुसा. दांडी पूर्ण बाहेर ओढून सिलिकॉन तेल काठापर्यंत भरा. पिस्टन हळूहळू वर-खाली करा, बुडबुडे वर येतील. दहा मिनिटं उभं ठेवा. मग टोपी किंचित तिरकी लावत आवळा, जास्तीचं तेल कडेनं बाहेर येऊ द्या. दांडी दाबल्यावर खरखर आवाज आला तर हवा राहिली आहे, पुन्हा करा. पुढचे दोन आणि मागचे दोन शॉक जोडीनं सारखेच वागले पाहिजेत. दोन शॉक तोंडाला तोंड लावून एकत्र दाबले की फरक लगेच कळतो.

तेलाचा जाडपणा वेट किंवा सीएसटीत लिहिलेला असतो. वेटचा आकडा कंपनीगणिक बदलतो, म्हणून सीएसटी बघा: ३० वेट म्हणजे सुमारे ३५० सीएसटी, ४० वेट सुमारे ५००. उष्णतेनं तेल पातळ होतं. म्हणून हिवाळ्यात १/१० ट्रकला ३५ वेट चांगलं चालत असेल तर एप्रिल-मेमध्ये ४० किंवा ४५ लागतं. संध्याकाळी साडेपाचला गाडी नरम वाटली आणि सातनंतर ठीक वाटू लागली, तर दोष तेलाच्या जाडीचा आहे, शॉक फुटलेला नाही.

तेल बसल्यावर गाडी गुडघ्याच्या उंचीवरून सपाट सोडा. तळ जमिनीला किंचित टेकावा आणि गाडी एकदाच वर येऊन स्थिर व्हावी. तळ जोरात आपटला तर तेल जाड करा किंवा स्प्रिंग कडक करा. चेंडूसारखी उडाली तर स्प्रिंगच्या मानानं तेल पातळ आहे. शॉकवरच्या चकत्या घालून गाडीची उंची वाढते, स्प्रिंग कडक होत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

उलटणं कमी करा

मॉन्स्टर ट्रक उंच असतो, वळणावर उलटणारच. पण वारंवार उलटत असेल तर पुढची उंची मागच्यापेक्षा किंचित खाली ठेवा, बॅटरी जितकी खाली बसेल तितकी बसवा, चाकांमधली रुंदी वाढवणारे हेक्स लावा. कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कलणं, एक ते दोन अंश पुरे. पुढची चाकं वरून बघताना सरळ किंवा अगदी थोडी बाहेर वळलेली, मागची दोन-तीन अंश आत. मागची चाकं बाहेर वळलेली असतील तर गाडी सरळ रस्त्यावरही शेपूट फिरवते.

हवेत असताना थ्रॉटल दिला तर नाक वर जातं, ब्रेक दाबला तर खाली येतं. हे शिकायला पैसे लागत नाहीत आणि कुठल्याही अ‍ॅल्युमिनियम भागापेक्षा जास्त तोडफोड वाचते. पण जमिनीवर टेकताना थ्रॉटल सोडलेला हवा, नाहीतर सगळा झटका गिअरवर येतो.

स्लिपर आणि डिफ्रन्शियल

स्पर गिअरवर स्प्रिंगचा नट असलेला स्लिपर क्लच असेल तर तो झटका खातो आणि गिअर वाचवतो. नट पूर्ण आवळा, मग एक ते दीड फेरा ढिला करा. मातीवर एकदम थ्रॉटल दिल्यावर पहिलं अर्धा मीटर बारीक घसरण्याचा आवाज आला पाहिजे. मीटरभर चीं-चीं करत राहिला तर फार ढिला आहे, तापून पॅड जळतील. अजिबात घसरत नसेल तर पुढचे दाते जातील.

डिफ्रन्शियलमध्ये, म्हणजे डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरच्या डब्यात, तेल भरायची सोय असेल तर चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीला पुढे ३०,००० आणि मागे १०,००० सीएसटी अशी सुरुवात मला चांगली वाटते. पुढचं जाड केलं की गाडी सरळ आणि स्थिर जाते, पण वळायला जड होते. मागचं जाड केलं की शेपूट फिरते. ग्रीस भरलेल्या स्वस्त डिफमध्ये पहिलं वर्ष हात घालू नका.

सर्व्हो

गाडी जाग्यावर उभी असताना चाकं वळत नसतील तर सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, बदला. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या १/१० ट्रकला धातूच्या गिअरचा, १५ ते २० किलो-सेंटिमीटरचा सर्व्हो पुरतो. हॉर्नचे, म्हणजे सर्व्होच्या शाफ्टवर बसणाऱ्या छोट्या दांड्याचे दाते जुळतात का ते बघा, बहुतेक २५ असतात. सर्व्होला वीज देऊन मध्यावर आणल्यावरच हॉर्न बसवा. टोकाला जाऊन सर्व्हो घुमत असेल तर रिमोटवरून टोकाची मर्यादा कमी करा. सर्व्हो सेव्हर, म्हणजे चाकाचा धक्का सर्व्होपर्यंत जाऊ न देणारा भाग, काढून टाकू नका.

अ‍ॅल्युमिनियमचा मोह

चकचकीत निळे-लाल भाग बघून हात शिवशिवतात. पण सस्पेन्शनचे खालचे आर्म अ‍ॅल्युमिनियमचे करू नका. नायलॉनचा आर्म वाकतो आणि परत येतो. अ‍ॅल्युमिनियमचा वाकलेलाच राहतो, आणि वाकला नाही तर धक्का पुढे चेसिसला देतो. सर्व्होचा हॉर्न, शॉकच्या टोप्या, चाकाचे हेक्स, इथे धातू चालतो. आर्म मात्र चांगल्या नायलॉनचे घ्या. नायलॉनमध्ये थोडी ओल असेल तर ते चिवट राहतं, कोरड्या हवेत ठिसूळ होतं. म्हणून नवे आर्म बसवण्याआधी थोडा वेळ उकळत्या पाण्यात ठेवतात. आपल्या उन्हाळ्यात ही युक्ती खरोखर कामी येते.

आता मोटर

वरचं सगळं झालं आणि गाडी संपूर्ण बॅटरीभर ७० च्या आत राहते, तेव्हा ब्रशलेस मोटर आणि तिला जुळणारा ईएससी जोडीनंच घ्या. केव्ही म्हणजे एका व्होल्टमागे मोटर रिकामी असताना मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा. ३३०० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टवर २४,४२० फेरे देते. वरच्याच उदाहरणातलं ११.८८ प्रमाण आणि १४० मिलिमीटरचा टायर धरला तर कागदावर ताशी सुमारे ५४ किलोमीटर होतात, प्रत्यक्षात भार धरून कमी. ३एसवर तीच मोटर ३६,६३० फेरे घेते. तेवढं सोसायला ईएससी, ड्राइव्हशाफ्ट आणि डिफ तयार आहेत का, हे आधी बघा. जड ट्रकला कमी केव्हीची मोठी मोटर नेहमीच बरी: ती जोर लावते आणि थंड राहते. ईएससीत पंच, म्हणजे सुरुवातीचा झटका, कमी ठेवून सुरुवात करा, पिनियन तुमच्याकडचा सगळ्यात लहान लावा, आणि चौथ्या पायरीतलं तापमानाचं काम पुन्हा पहिल्यापासून करा.

कुठे चालवायचं

शहराच्या कडेच्या ले-आउटमधले रिकामे प्लॉट सगळ्यात चांगले, मालकाला किंवा तिथल्या काकांना विचारून. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत. फुटाळ्याच्या चौपाटीवर आणि मुलं क्रिकेट खेळत असलेल्या मैदानात नाही. अंबाझरी आणि गोरेवाड्याकडचं रान पक्ष्यांचं आणि प्राण्यांचं आहे, तिथेही नाही. कुत्री गाडीमागे धावतात. धावली की थांबा, पळवू नका.

चालवून आल्यावर

पाणी मारून धुवायचा मोह टाळा. आधी कोरड्या ब्रशनं मुरूम झाडा, मग हलका कॉम्प्रेसर. बेअरिंगवर थेट हवा सोडू नका, धूळ सीलच्या आत जाते. पावसाळा संपल्यावर कुसळी गवताची तुसं ड्राइव्हशाफ्टला आणि चाकामागच्या अ‍ॅक्सलला गुंडाळतात. प्रत्येक वेळी चाकं काढून चिमट्यानं ती काढा, नाहीतर घर्षणानं वितळून बेअरिंगचं सील फाडतात. पावसात भिजली असेल तर रिसीव्हरचा डबा उघडून वाळवा, चाकं काढून बेअरिंगला पातळ तेलाचा एक थेंब द्या, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक चाक बोटानं फिरवून बघा. जे अडकतं ते बेअरिंग तेव्हाच बदला. शेवटी बॅटरी ३.८ वर आणून थंड कपाटात, आणि शॉक मोकळे राहतील अशी गाडी छोट्या लाकडी ठोकळ्यावर ठेवा, म्हणजे स्प्रिंग दबून बसत नाहीत.